पारसशेठची ढोरं

टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा आवाज जरा जरी बदलला तरी मी हातातलं काम टाकून टाकीकडे धावतो. इथे बंगळुरात एका मोठ्या सोसायटीच्या तळघरात माझी नोकरी आहे. वर माणसांचे मजल्यावर मजले, खाली त्यांच्या सांडपाण्याच्या टाक्या आणि टाक्यांच्या मधल्या अरुंद वाटेवर मी. वरची माणसं मला भैया म्हणतात. संडासाचं पाणी मी एवढं नितळ कसं करतो, हे त्यांच्यातल्या कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पारसशेठचं नाव सांगितलं असतं. माझं शिक्षण सातवी. या धंद्यातलं जे काही मला येतं, ते त्या एका माणसाने शिकवलेलं आहे. मी आज जिवंत आहे, तेही त्यांच्यामुळेच. आणि तरी त्यांची आठवण आली की आधी भीती वाटते, मग बाकीचं.

ज्या सांडपाण्याच्या प्लांटवर मी हे शिकलो, तो नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाचा. गावाचं नाव लिहीत नाही, माझी माणसं अजून तिकडे आहेत. गावाच्या खालच्या अंगाला नदी, नदीच्या काठाने पुढे गेलं की माझं खेडं आणि त्याहून पुढे ती तापीला मिळते. आधी गावाची सगळी गटारं सरळ नदीत पडायची. मग नवा प्लांट झाला. मोठमोठी तळी, खालून हवा सोडणारे पाइप, शेवटी गाळण्या, क्लोरीन, आणि काचेच्या खोलीत यंत्रं चालू असल्याचं दाखवणाऱ्या हिरव्या दिव्यांची पाटी. सुरतेला कापडाच्या लूमच्या आवाजाने कान जायला लागले म्हणून मी परत आलो होतो. पंप चालवायला माणूस पाहिजे होता. मी लागलो. माझ्याबरोबर धडगावकडचा दिलवर पावरा. आणि आमच्यावर केमिस्ट म्हणून पारसशेठ.

शेठ हे नाव त्यांना गावाने खवचटपणे दिलेलं. घराणं मारवाडी जैन, पिढ्यानपिढ्या मिरचीच्या व्यापारातलं. खरे शेठ म्हणजे त्यांचे मोठे भाऊ. आडत त्यांची, गोदामं त्यांची, आणि अलीकडे काढलेला लोणचं-सॉसचा कारखानाही त्यांचा. पारसशेठ गादीवर बसलेच नाहीत. केमिस्ट्री शिकले, गुजरातेत केमिकलच्या कारखान्यांत उमर काढली, आणि डोक्यावरचे केस पिकल्यावर परत येऊन गावाच्या गटाराचं पाणी तपासायला लागले. बाजारात लोक म्हणायचे, "थोरला मिरची इकस, धाकला गू मोजस." हे त्यांच्या कानावर गेलं होतं. ते हसायचे आणि म्हणायचे, "मोजस नही भो, चारस."

कारण त्यांच्या लेखी तळ्यातल्या त्या तपकिरी गाळात ढोरं होती. डोळ्यांना न दिसणारी, पण ढोरंच. गावाची घाण हा त्यांचा चारा. हवा हे त्यांचं पाणी. त्यांना वेळेवर हवा द्यायची, वेळेवर निवांत बसू द्यायचं, की ती घाण खाऊन तळाशी जाऊन बसतात आणि वर नितळ पाणी राहतं. ते पाणी नदीत सोडायचं आणि ढोरं राखून ठेवायची, दुसऱ्या दिवशीच्या चाऱ्यासाठी. एवढ्या सोप्या शब्दांत त्यांनी मला प्लांट समजावला, आणि आजही मी नव्या पोरांना तसाच समजावतो.

रोज सकाळी आल्या आल्या ते मायक्रोस्कोपवर वाकायचे. इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, बाजूला उकळलेल्या पाण्याची स्टीलची बाटली. आम्ही दाराशी चहा घेऊन उभे. आतून आवाज यायचा, "चरी ऱ्हायनात!" मग आम्ही चहा प्यायचो. कधीकधी ते आम्हाला बोलवायचे. त्या काचेखाली घंटेसारखे जीव देठावर डोलत असायचे, काही तोंडाशी चाक फिरवत असायचे. त्यांना ते घंटीवाले आणि चाकवाले म्हणत. "हाई चाकवाला दिसना का समज, नदी आज सुखी शे," असं म्हणून ते माझ्या पाठीवर थाप मारायचे. त्या थापेसाठी मी लवकर यायचो.

तळ्यावरच्या पुलावर उभं राहून बोलायचं झालं, तर ते तोंडापुढे रुमाल धरत. घरातली जैन सवय, तोंडच्या वाफेने जीव मरू नयेत म्हणून. दिलवरला हे पाहून रोज नव्याने हसू फुटायचं.

"शेठ, बठ्ठा गावनं हागेलं आठे येस. तुमना फुंकरनं त्यास्ले काय व्हनार शे?"

"त्या हागेलंमाच जगतस, दिलवर. मन्हा थुकामा नही."

दिवस मावळायच्या आत ते जेवून घ्यायचे. कांदा-बटाट्याला शिवायचे नाहीत. मी माझ्या डब्यातलं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं टोक ठेचा लावून त्यांना दिलं की ठेचा लसणीचा आहे का, एवढं विचारून, नसला तरच घ्यायचे. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे शेवटच्या टाकीपाशी, क्लोरीनचा पंप चालू करण्याआधी, ते चप्पल काढायचे, हात जोडायचे आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचे, "मिच्छामि दुक्कडम्." पाण्याबरोबर जे काही जीव वाहून आले, ते आता मरणार. त्यांची माफी मागून मग बटण. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस इथे टिकत नाही. नंतर कळलं, आम्हा सगळ्यांत हे काम न उबगता करणारा तोच एक होता.

त्यांनी मला एकदा थोबाडीत मारली. आयुष्यात मुंगीवर पाय पडू न देणारा माणूस, पण मारली. झालं असं की पहिल्या विहिरीत, जिथे गावाचं पाणी येऊन पडतं, तिथे पंपात साडी अडकली. पंप घरघरायला लागला. उन्हाची वेळ. मी शिडी लावली आणि उतरायला लागलो. वरून दिलवरने विचारलं, "वास येस का रे?" मी म्हटलं, आधी येत होता, आता काही येत नाही. एवढ्यात माझी कॉलर कुणीतरी धरली आणि मला फरफटत वर काढलं. मी उभा राहिलो तोच कानाखाली आवाज निघाला. शेठचा चेहरा पांढरा पडला होता.

"वास येस तवलग माणूस जित्ता शे. वास बंद व्हयना म्हंजे तुन्हं नाक मरी गयं. मंग तू मरशी. तुले काढाले दिलवर उतरी, तो बी मरी. कळनं का?"

कळलं. गटाराच्या त्या वायूने नाक बधिर होतं, आणि वास गेला म्हणून माणूस निश्चिंत होऊन आणखी खाली उतरतो. इथे बंगळुराकडे अशा टाक्यांत उतरून माणसं गेल्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत, आणि दर वेळी माझा गाल गरम होतो. त्या दिवशी दिवस कलताना शेठ माझ्यापाशी आले, हात जोडले आणि माझी माफी मागितली. मी ओशाळलो. म्हटलं, "शेठ, तुम्ही जीव वाचवला." ते म्हणाले, "वाचाडा ते येगळं. मारं ते येगळं. मारेलनी माफी मांगनी पडस."

माफी मागणं आणि माफी देणं या दोन गोष्टी त्यांना श्वासासारख्या होत्या. पुढे जे झालं ते यातूनच झालं.

आमच्या खेड्यात एकदा ते आले होते. मीच नेलं, मोटरसायकलवरून. नदीच्या वाळवंटात आमच्या गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. नदी वाहून गढूळ झाली की बायका त्या विहिरीचं पाणी सोडून लांबच्या हापशावर जात. प्लांट झाल्यावर नदी जरा निवळली, पण बायकांचा विश्वास बसत नव्हता. कसा बसावा? वर गावाचं गटार, खाली आपला हंडा. शेठने विहिरीत बाटली सोडली, पाणी प्लांटवर नेऊन तपासलं आणि काही दिवसांनी परत येऊन माझ्या आईला, माझ्या बहिणीला आणि विहिरीवर जमलेल्या सगळ्या बायकांना सांगितलं, "पानी चांगलं शे. मी तठे शे, तुम्ही पानीनी काळजी नका करू."

माझी धाकटी बहीण नंदा फटकळ. ती म्हणाली, "आनि तुम्ही सुट्टीवर गयात तं?"

"तं ढोरं शेत ना."

सगळ्या हसल्या. हापशाची वाट त्यानंतर हळूहळू गवताने बुजली.

त्या वर्षी पाऊस ओढ देऊन होता. भाद्रपद लागला तरी नदी धड वाहिली नाही. डोह डोह राहिले, आणि डोहांना जोडणारी जी पाण्याची रेघ होती ती म्हणजे आमच्याच प्लांटमधून सोडलेलं पाणी. नदी म्हणजे आम्ही, असं झालं होतं. शेठ हे रोज बोलून दाखवायचे, आणि बोलताना हसायचे नाहीत.

अशात एका दुपारी तळ्यावर फेस आला आणि आम्ही सगळे खोकायला लागलो. डोळ्यांतून पाणी. हवेचे बुडबुडे फुटत होते तसा मिरचीचा ठसका वर येत होता, घरात फोडणी जळल्यासारखा. दिलवर म्हणाला, "आज गावनी भाजी जास्तच तिखी व्हयनी." शेठने पाण्यात कागदाची पट्टी बुडवली. ती लाल झाली. आंबट पाणी. चाटून पाहिलं असतं तर खारटही लागलं असतं. मिरची मुरवायला मीठ आणि आम्लाचं पाणी घालतात, पिंपं भरभरून. मिरची काढून घेतली की ते पाणी कुठेतरी जायला लागतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे निघालो. गटाराच्या चेंबरचं एकेक झाकण पहारीने उचलायचं, दोरीला बांधून पट्टी सोडायची, पाहायची, पुढे जायचं. दोन फाटे आले की ज्या फाट्यात पट्टी लाल, तिकडे वळायचं. शाळेपाशी पाणी साधं. बाजारपेठेत साधं. भाजी मार्केटच्या मागे लाल. पोरं आमच्या मागे चालत होती, दुकानदार नाकाला रुमाल लावून पाहत होते. शेठ पुढे, शर्टाची इस्त्री तशीच. शेवटचं लाल चेंबर एका उंच भिंतीला लागून होतं. भिंतीपलीकडे निळी पिंपं रचलेली दिसत होती.

मग दिलवरला राहवलं नाही. "हाई तं घरनंच पानी निंघनं, शेठ."

शेठने पट्टी झटकली, घडी केली आणि खिशात ठेवली. झाकण लावून घ्यायला सांगितलं. एवढंच.

ते भावाकडे गेले. भावाने सांगितलं, उद्यापासून बंद. उद्या झाला, परत ठसका. परत गेले. परत उद्या. ढोरं आजारी पडायला लागली. घंटीवाले देठावर मिटून बसलेले, चाकवाले दिसेनासे. शेठ सकाळी मायक्रोस्कोपवरून उठले की आता आतून आवाज यायचा नाही. आम्ही चहा तसाच धरून उभे. शेवटी ते म्हणाले, "आते अधिकारीस्ले सांगनं पडी. सख्खा भाऊ शे म्हनीसन नदी थोडी थांबस?" ठरलं. जैनांचं पर्युषण चालू होतं, तेवढं होऊ द्यायचं, संवत्सरी हा त्यातला माफी मागायचा शेवटचा दिवस, त्याच्या दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत जायचं. मला बरं वाटलं. नंदा आठव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली होती, रोज त्याच विहिरीचं पाणी पीत होती.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच प्लांटच्या फाटकाशी मोठी गाडी थांबली. त्यांचे मोठे भाऊ उतरले. ते प्लांटवर कधीच आले नव्हते, वासाने. पांढरे कपडे, उपवासाने ओढलेला चेहरा. आमच्या सगळ्यांच्या समोर त्यांनी धाकट्या भावापुढे हात जोडले.

"पारस, मनाने, वाचेने, कायेने काही दुखवलं असेल, तर खमत खामणा, माफ कर. ते पाणी आजपासून बंद."

थोरला भाऊ धाकट्यापुढे वाकला होता. शेठचे डोळे भरले. त्यांनी भावाचे पाय धरले आणि म्हणाले, "भाईसा, मीच मागायला यायला हवं होतं." दोघे किती तरी वेळ तसेच उभे होते. आम्ही माना खाली घातल्या.

त्या दिवशी शेठ नगरपालिकेत गेले नाहीत. दुपारी मी पहार घेऊन निघालो, त्या भिंतीजवळचं झाकण उचलून पाहावं म्हणून. त्यांनी मला थांबवलं.

"भटू, ते झाकण आते उघाडनं नही."

"का बरं शेठ? बंद व्हयनं का नही ते तं देखूत."

"मी माफ करं. आते जाईसन देखनं म्हंजे माफ करंच नही. आमनामा आसं चालत नही."

मी पहार ठेवली. त्यांच्या धर्मातलं ते जाणत होते, मी काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर दोन-चार दिवस ठसका आलाच नाही. ढोरं हालायला लागली. एक चाकवाला दिसला, तर शेठने आम्हा दोघांना पेढे दिले.

मग ती आली, ती दुपार. ठसका नव्हता फारसा, पण तळ्यावरचा फेस पांढराफटक होता, आणि पाइपांतून हवा सुटत असूनही पाणी जडावल्यासारखं दिसत होतं. संध्याकाळपर्यंत गाळ तळाशी बसेना. दुसऱ्या दिवशी वास बदलला. प्लांटचा वास ओल्या मातीसारखा असतो. हा कुजका होता. शेठ मायक्रोस्कोपवर वाकले ते वाकलेच. मी दारातून विचारलं, "चरी ऱ्हायनात का?" ते बाजूला सरकले. मी जवळ गेलो, पाहिलं. काचेखाली सगळं होतं, देठ, घंटा, तुकडे. हालत काहीच नव्हतं.

यापुढचे दिवस मला नीट आठवावेसे वाटत नाहीत. शेठने सगळी कारणं शोधली. हवेचे पाइप तपासले. लाइट गेली होती का ते विचारलं. गाळ फार जुना झाला असेल म्हणाले. कत्तलखान्याकडून काही आलं का ते पाहायला स्वतः गेले. शेणाची स्लरी करून तळ्यात ओतली, गूळ ओतला, ढोरं परत उभी राहावीत म्हणून. क्लोरीन वाढवलं, आणि प्रत्येक वेळी चप्पल काढून हात जोडले. पण मेलेल्या तळ्याचं काळपट पाणी क्लोरीनला दाद देत नाही. पाटीवरचे दिवे मात्र हिरवेच होते. गावाची गटारं काही थांबत नव्हती, एका बाजूने येत होतं ते दुसऱ्या बाजूने जवळजवळ तसंच नदीत जात होतं. शेठ रोज म्हणायचे, उद्या ढोरं उठतील, म्हणून मीही घरी सांगितलं नाही. एक जागा सोडून शेठने सगळीकडे पाहिलं. त्या भिंतीजवळच्या झाकणाचं नाव आमच्यापैकी कुणी काढलं की ते पाठ फिरवायचे.

शेवटी दिलवरने पहार उचलली. कुणाला न विचारता, भर दुपारी, एकटा गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात लाल पट्टी होती. कारखान्याच्या गड्याने त्याला हसत हसत सांगितलं होतं, मालकाने शब्द पाळला, पाणी बंद केलं आणि आतल्या हौदात साठवलं. हौद भरला. मग काय करणार? एकदम सोडून दिला.

शेठने पट्टी हातात घेतली. मी त्यांच्याकडे पाहत होतो. ते भावावर चिडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "भटू, गाडी काढ. तुन्हा गावले जानं शे."

गावात पारापाशी उतरून त्यांनी सरळ सांगितलं, विहिरीचं पाणी पिऊ नका, प्यायचंच तर उकळून प्या, हापशावर जा. पारावर बसलेले आमचे नाना म्हणाले, "काल तुम्हीच सांगत व्हतात पानी चांगलं शे. आज म्हंतस इख शे. उद्या काय सांगशात?" माझ्या आईने विचारलं, "कवयपाइन खराब शे?" केव्हापासून खराब आहे. शेठ तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायला लागले आणि मध्येच थांबले. कारण मधले सगळे दिवस त्यांना मोजावे लागले असते, आणि ते सगळे दिवस तेच पाणी प्यायलेली नंदा पारासमोरच्या आमच्या दारात उभी होती, हातात तांब्या घेऊन.

कावीळ लगेच येत नाही. ती वाट पाहते. पाणी उकळायला लागलो, हापशाची वाट परत मळली, प्लांटवर दुसऱ्या गावाहून टँकरने गाळ आणून शेठने ढोरं नव्याने वाढवली, आणि मला वाटायला लागलं की सुटलो. मग एका घरात पोराचे डोळे पिवळे झाले. मग शेजारी. मग आमच्या घरी.

आईने नंदाच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि तिचे कपडे पिशवीत भरायला लागली. गरोदर बाईला ही कावीळ कशी धरते ते आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. तिला सिव्हिलला नेलं. नंदा वाचली. मूल पोटातच गेलं होतं. मुलगा होता.

शेठ दवाखान्यात आले. मी त्यांना जिन्यात अडवायचं ठरवलं होतं, पण समोर आल्यावर माझा हात उठला नाही. ज्या हाताने कॉलर धरून मला वर ओढलं, तो हात मी कसा धरणार? ते आत गेले. नंदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. ते पायथ्याशी उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. तोंड उघडलं, पण त्यांचं ते नेहमीचं वाक्य फुटायच्या आत नंदा वळली. डोळे हळदीसारखे.

"हात नका जोडू, शेठ," ती म्हणाली. "हात जोडीजोडीसनच हाई व्हयनं."

ते हात तसेच राहिले, जोडलेलेही नाहीत, सुटलेलेही नाहीत. मग त्यांनी ते खाली घेतले. मी त्यांना कधी कुणाकडून असं ऐकून घेताना पाहिलं नव्हतं.

तिथून ते सरळ नगरपालिकेत गेले, आणि मग त्याहून वरच्या कचेरीत. सख्ख्या भावाचं नाव सांगितलं, स्वतःचंही सांगितलं, की मला कळूनही मी पाहिलं नाही. कारखान्याला सील लागलं. काही महिन्यांनी निघालं. भावाने त्यांना वाटणीतून तोडलं नाही, पण घरात त्यांच्या ताटाशी कुणी बसेना. प्लांट चालवणाऱ्या ठेकेदाराने त्यांना कामावरून कमी केलं. जाताना त्यांनी माझ्यासाठी एक फोन केला, गुजरातेतल्या जुन्या ओळखीतून, आणि मला बंगळुरातली ही नोकरी मिळाली. मी नको म्हणत होतो. ते म्हणाले, "नंदानं औषध तठलाच पगारमा व्हई. जाय." माझा त्यांच्यावर राग आहे का, असं आई फोनवर विचारते. मला दर वेळी वेगळं उत्तर सुचतं. मी पैसे पाठवतो, आणि टाकीवर झुकून वास घेतो.

निघायच्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो. घरी नव्हते. त्यांच्या पत्नीने बोटानेच दिशा दाखवली. भाजी मार्केटच्या मागे, त्या उंच भिंतीजवळ, रस्त्याच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून ते बसले होते. समोर चेंबर, झाकण बाजूला काढलेलं. डोक्यावर ऊन. हातात दोरीला बांधलेली पट्टी. येणारेजाणारे त्यांना वळसा घालत होते. वर्दळीतून कुणी ओरडलं, "शेठ, मासा लागना का?" त्यांनी मान वर केली नाही. पानवाला मला म्हणाला, "रोज येतस. दिवस बुडे लगून."

मी जवळ जाऊन उभा राहिलो. पाया पडावं असं वाटलं, वाकलो नाही. त्यांनी विचारलं, "गाडी कितीनी शे?" मी सांगितलं. "तठे पानी उकाळीसन पीत जाय," ते म्हणाले. नंदाबद्दल विचारलं नाही. बहुतेक धीर झाला नसावा.

एवढ्यात पिंपांनी भरलेला ट्रक आला. सील निघालेल्या कारखान्याचं फाटक उघडत होतं, आणि खुर्ची बरोबर वाटेत. ड्रायव्हरने हॉर्न दिला, परत दिला. पारसशेठ उठले. खुर्ची उचलून भिंतीशी नेली, उघड्या चेंबरवर झाकण सरकवलं, ट्रकला हाताने आत जायची खूण केली. निळी पिंपं एकावर एक रचलेली, हेलकावे खात आत गेली. फाटक लागलं. त्यांनी झाकण पुन्हा बाजूला ओढलं, खुर्ची पहिल्या जागी आणून ठेवली, बसले आणि दोरी खाली सोडली.